काउंटरच्या पलीकडून

ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदतात, त्या दाखल नोंदवहीत खाडाखोड करायची नसते. चूक झाली तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर नोंद आणि सही. एका पुस्तकाला दिलेला दाखल क्रमांक ते पुस्तक हरवलं, फाटलं, बाद झालं तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. ग्रंथालयात काम करणाऱ्याच्या हातात ही शिस्त पहिल्या काही महिन्यांतच मुरते. आणि हाच माणूस एखादं नवं वेब साधन शिकायला बसला की स्वतःला कोरी पाटी समजतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वेबवरची बरीचशी दुखणी नोंद नीट न ठेवल्याची असतात. एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, वस्तू हलवलेली असते आणि जुन्या जागी चिठ्ठी ठेवलेली नसते, किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. हे सगळं त्याला आधीच कळतं.

नव्याने शिकायचं ते बटण कुठे आहे हे, आणि बटणं वरचेवर जागा बदलतात. काउंटरच्या पलीकडे उभा असलेला माणूस मात्र बदलत नाही. त्याला काहीतरी हवं आहे आणि ते आपण हजर नसतानाही त्याला सापडायला हवं. साधन त्याच्या बाजूने शिकायला घेतलं की लवकर येतं आणि अंगात राहतं, असं माझं ठाम मत आहे.

या शिकण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग २००६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट आणि मेक्लेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात झाला. हेलीन ब्लोअर्स यांनी तो आखला होता. ९ आठवडे, २३ गोष्टी. ब्लॉग लिहून बघा, फीड (संकेतस्थळावरचा नवा मजकूर आपोआप आणणारी सोय) जोडा, आवडत्या पानांच्या खुणा साठवा, विकीत भर घाला. प्रत्येकाने आपल्या वेगाने, आपापल्या टेबलावर. सगळं पुरं करणाऱ्याला एमपी३ प्लेअर मिळणार होता. पुढे या ‘२३ गोष्टी’ जगभरच्या ग्रंथालयांनी उचलल्या. मला त्या यादीचं आजही कौतुक वाटतं, कारण तिने कर्मचाऱ्याला व्याख्यान ऐकवलं नाही, हात घालून बघायला लावलं.

त्या काळातली कितीतरी साधनं आता नाहीत. डिलिशस ही दुवे साठवायची सेवा २००३ मध्ये निघाली, २००५ मध्ये याहूकडे गेली, मग हात बदलत राहिली आणि २०१७ मध्ये नव्या नोंदींसाठी बंद झाली. फीड वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. ज्यांनी आपल्या फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून घेतली होती, त्यांनी ती दुसऱ्या साधनात चढवली आणि काम पुढे सुरू ठेवलं. ज्यांनी घेतली नव्हती, त्यांच्याकडे रिकामी पाटी उरली. फीड म्हणजे काय, खूणशब्द कशासाठी, दुवा का तुटतो, हे ज्यांना समजलं होतं त्यांचं शिकणं मात्र वाया गेलं नाही.

म्हणून साधन हातात घेतलं की पहिल्याच दिवशी बाहेर पडायचा दरवाजा शोधावा. एक्सपोर्ट किंवा डाउनलोड असं काहीतरी सेटिंग्जमध्ये असतंच असं नाही. असेल तर दहाच नोंदी भराव्यात, त्या बाहेर काढाव्यात आणि ती फाइल दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्राममध्ये उघडून बघावी. दहाच्या दहा आल्या का, टिपा आल्या का, तारखा उलट्यासुलट्या झाल्या का. अकराव्या नोंदीआधी एवढं पाहिलं नाही, तर पाच हजार नोंदींनंतर ते पाहायची वेळ येते.

शिकायला काय निवडायचं? जे काम रोज काउंटरवर दुखतं ते. नव्या पुस्तकांची यादी दर महिन्याला हाताने टाइप होते, मुदत वाढवून घ्यायला फोनवर फोन येतात, अभ्यासिकेच्या जागांसाठी वहीत नावं दोनदा लागतात. यातलं एक काम घ्यावं, त्याला पुरेल असं एक साधन घ्यावं आणि काउंटर उघडण्याआधीची वीस मिनिटं रोज त्याला द्यावीत. दिवसभराच्या कार्यशाळेत पंधरा साधनं दाखवतात तेव्हा घरी जाताना डोक्यात फक्त नावं राहतात.

माझ्या मते सगळ्यांत आधी शिकावं ते साधं स्प्रेडशीट. वाटेत सर्वांत जास्त नोंदी मरतात त्या इथेच, आणि का मरतात ते कळलं की पुढची अर्धी साधनं सोपी होतात. पुस्तकांची यादी घेऊ या. एका स्तंभात आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), एकात शीर्षक, एकात लेखक. जुना दहा आकडी आयएसबीएन, समजा ०३०६४०६१५२, पेशीत टाइप करून एंटर दाबलं की पुढचं शून्य गळतं आणि ३०६४०६१५२ असा नऊ आकड्यांचा तुकडा उरतो. एक्सेलने त्याला संख्या मानलं, आणि संख्येच्या आधीच्या शून्याला काही किंमत नसते. तेरा आकडी असेल तर स्तंभ अरुंद असताना किंवा फाइल उघडताना तो ९.७८ई+१२ असा दिसतो. इथवर काही बिघडलेलं नाही, आतले आकडे शाबूत आहेत, कारण एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंत संख्या नीट धरतं. बिघडतं ते पुढच्या पायरीवर. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा मजकूर म्हणून, साठवली की पडद्यावर जे दिसतंय तेच फाइलमध्ये उतरतं. मग प्रत्येक पुस्तकाचा आयएसबीएन ९.७८ई+१२ होतो, सगळ्यांचा एकच, आणि परतीची वाट राहत नाही. पंधरापेक्षा लांब बारकोड क्रमांक असतील तर शेवटचे आकडे आधीच शून्य झालेले असतात.

उपाय अगदी बारीक आहे, पण तो आधी करायचा असतो. रिकामा स्तंभ निवडायचा, फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन टेक्स्ट करायचा, आणि मगच क्रमांक टाइप करायचे किंवा चिकटवायचे. नंतर टेक्स्ट केल्याने गळलेलं शून्य परत येत नाही. आयएसबीएन हा मोजायचा आकडा नाही, ते नाव आहे. दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, पुस्तकाचा विषय सांगणारा वर्गांक हीसुद्धा नावंच आहेत.

आयएसबीएन बरोबर उतरला का हे तपासायला पुस्तक पुन्हा उघडावं लागत नाही, ती सोय त्याच्या शेवटच्या आकड्यात आहे. १ जानेवारी २००७ पासून तेरा आकडी पद्धत आली. त्यात पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं आणि बेरीज करायची. वरच्याच पुस्तकाचा तेरा आकडी क्रमांक ९७८०३०६४०६१५७. पहिल्या बारांची अशी बेरीज ९३ येते. पुढची दहाची पट १००, फरक ७, आणि शेवटचा आकडाही ७. टाइप करताना एक आकडा चुकला तर हा हिशेब जुळतच नाही. दोन शेजारचे आकडे अदलाबदल झाले तर बहुतेकदा पकडले जातात, पण त्यांच्यात पाचाचा फरक असेल, जसं १ आणि ६, तर चूक निसटते. एवढं कागदावर दोनदा करून पाहिलं की सूत्र स्प्रेडशीटमध्ये कसं लिहायचं ते आपसूक समजतं. आणि दहा आकडी क्रमांकाच्या शेवटी कधी एक्स असतो, तो चूक समजून काढू नये. तिथे ११ ने भागायचा हिशेब आहे आणि एक्स म्हणजे १०.

आता शीर्षकाचा स्तंभ. देवनागरीतली सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली की पुष्कळदा मराठीच्या जागी भलतंच काही दिसतं: डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’, त्यामागे चार शिंगांचं छोटं वर्तुळ, कधी येनचं चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. अनेकजण इथे घाबरून फाइल खराब झाली असं समजतात. फाइल बहुतेकदा ठणठणीत असते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. त्यातला पहिला बाइट सगळ्या देवनागरीला सारखाच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. एक्सेल ते तीन बाइट तीन वेगळी रोमन अक्षरं समजून वाचतं, म्हणून ‘ए’ सतत परततो आणि त्यामागे त्या दोन चिन्हांपैकी एक येतं. फाइल न साठवता बंद करावी. मग रिकामं एक्सेल उघडून डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही निवडावं, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूनिकोड यूटीएफ-८ घ्यावं, आणि त्याच खिडकीत आयएसबीएनचा स्तंभ टेक्स्ट आहे ना ते पाहून मग आत घ्यावं. परत साठवताना सीएसव्ही यूटीएफ-८ हाच प्रकार. घाबरून ‘सेव्ह’ दाबलं, तर मात्र ती चुकीची अक्षरं खरी होऊन बसू शकतात.

मराठी नोंदींचं आणखी एक दुखणं डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो. ‘कादंबऱ्या’ आणि ‘कादंबर्‍या’ हे दोन शब्द नीट बघा. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतील. पहिल्यात ‘ऱ’ हे नुक्त्याचं स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याला हलन्त लावलाय. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह आहे. कळफलक बदलला, टाइप करणारा बदलला, की ग्रंथालयाच्या एकाच तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या शोधयादीत, दोन्ही तऱ्हा शिरतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. वाचक एका तऱ्हेने शोधतो, पुस्तक दुसऱ्या तऱ्हेने नोंदलेलं असतं, पडद्यावर ‘काहीही आढळले नाही’ येतं, आणि तो परत जातो. पुस्तक मात्र चार पावलांवर कपाटात असतं. दुसऱ्या चुकांच्या मानाने ही मला फार लागते, कारण इथे कुणाचाच हलगर्जीपणा नसतो.

तपासायचं असं. तालिकेच्या शोधपेटीत आधी एक रूप चिकटवून शोधावं, निकालांची संख्या लिहून ठेवावी, मग दुसरं रूप चिकटवावं. संख्या वेगळी आली की समजावं. यूनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकाची शिफारस ‘ऱ’ वापरायची आहे, तेव्हा तेच घरचं रूप ठरवावं आणि जुन्या नोंदींमध्ये एकगठ्ठा बदलून घ्यावं. ग्रंथ आणि ग्रन्थ, हिंदी आणि हिन्दी यांचं तसं करता येत नाही, कारण शीर्षकपृष्ठावर जे छापलंय ते शीर्षकात तसंच ठेवायचं असतं. तिथे मार्क या संगणकीय ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या साच्यातलं २४६ हे क्षेत्र कामी येतं. शीर्षक २४५ मध्ये छापल्याप्रमाणे, आणि लोक ज्या दुसऱ्या रूपाने शोधतील ते २४६ मध्ये. जुन्या, यूनिकोडपूर्व फॉन्टमधल्या याद्या असतील तर त्या आधी रूपांतरित कराव्या लागतात. फॉन्ट काढून घेतला की खाली निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ उरतो, आणि शोधयंत्राला तोच दिसतो.

लेखकांच्या नावांसाठी ओपनरिफाइन हे याद्या साफ करायचं साधन शिकावं असं मी आग्रहाने म्हणेन. ते ब्राउझरमध्ये दिसतं पण चालतं आपल्याच संगणकावर, त्यामुळे यादी बाहेर कुठे जात नाही. लेखकाच्या स्तंभावर टेक्स्ट फॅसेट लावला की डावीकडे सगळी नावं आणि प्रत्येकाची संख्या येते. आडनाव आधी, नाव आधी, आद्याक्षरामागे टिंब, टिंब नाही, शेवटी एक सुटलेली मोकळी जागा, हे सगळे प्रकार एकाखाली एक उभे राहतात. मोकळ्या जागा काढायची आज्ञा कॉमन ट्रान्सफॉर्म्समध्ये आहे, ती आधी चालवावी; निम्मी गर्दी तिथेच कमी होऊ शकते. मग क्लस्टर. ते सारखी वाटणारी नावं एकत्र सुचवतं. सुचवतं एवढंच. एकाच नावाचे दोन लेखक असू शकतात, आजोबा आणि नातू असू शकतात, आणि ते ओळखणं हे तालिकाकाराचं काम आहे. चुकलंच तर प्रत्येक पायरी अनडू-रीडूच्या यादीत राहते, दाखल नोंदवहीतल्या त्या एका सरळ रेघेसारखी, खालचं वाचता येईल अशी.

कळफलकाचा विषय निघालाच आहे तर बारकोड स्कॅनरबद्दल. स्कॅनर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने फार वेगाने टाइप करणारा माणूस. आकडे टाइप करतो आणि शेवटी बहुधा एंटर मारतो. म्हणून फॉर्म अर्धा भरलेला असताना स्कॅन केलं तर फॉर्म तसाच पुढे जातो. आणि शीर्षक टाइप करायला कळफलक मराठीवर ठेवलेला असेल तर काही मांडण्यांमध्ये बारकोडचे आकडे देवनागरी उमटतात, प्रणाली ‘अशी प्रत नाही’ म्हणते, आणि दोष स्कॅनरवर जातो. स्कॅन करण्याआधी कोपऱ्यातली भाषेची खूण बघायची सवय लागली की हा त्रास संपतो.

दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेतून तयार नोंद उचलणं, झेड३९.५० ही तालिकांनी एकमेकींशी बोलायची ठरलेली पद्धत वापरून, हे तसं पटकन येतं. आयएसबीएन टाकायचा, निकालातून नोंद निवडायची, आत घ्यायची. उचलण्याआधी आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठसंख्या हातातल्या पुस्तकाशी ताडून बघावी, आणि त्यांचा स्थानिक बोधांक (कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) आपल्या नोंदीत राहू देऊ नये. एकगठ्ठा नोंदी घ्यायच्या असतील तर कोहा या ग्रंथालय-प्रणालीत त्या आधी स्टेज होतात, म्हणजे ओसरीवर थांबतात. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी लिहिलं गेलं, २००० साली तिथे वापरात आलं, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ओसरीवर असताना आयएसबीएन जुळवून आधीच असलेल्या नोंदी ओळखता येतात, अक्षरसंच यूटीएफ-८ आहे का ते ठरवता येतं. आयात झाल्यावरही ती मागे घ्यायचं बटण आहे. म्हणून देवघेव सुरू होण्याआधी, त्याच सकाळी, पाचदहा नोंदी उघडून बघाव्यात.

आता वाचकाच्या हातात जाणाऱ्या गोष्टी. इथे माझा सगळ्यांत आवडता मंत्र तीन कळांचा आहे: कंट्रोल, शिफ्ट आणि एन. क्रोममध्ये याने इन्कॉग्निटो विंडो उघडते, फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी. या खिडकीत ब्राउझर आपल्याला ओळखत नाही. काउंटरच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं असेल तर ही वाट आहे. आपण बनवलेलं प्रत्येक पान, फॉर्म, यादी आधी इथून उघडून बघायची.

समजा गूगल फॉर्ममध्ये पुस्तक मागणीचा अर्ज बनवला. आपल्या खात्यातून तो छान चालतो. इन्कॉग्निटो विंडोत चिकटवला तर लॉग-इन मागतो. कारण बहुधा तीनांपैकी एक असतं. पत्त्याच्या पट्टीतला, संपादनाचा दुवा उचललाय, पाठवायचा दुवा नव्हे. किंवा ‘एकदाच उत्तर’ ही मर्यादा लावली आहे आणि ती लावली की गूगल खातं लागतंच. किंवा फाइल जोडायचा प्रश्न ठेवलाय, त्यालाही खातं लागतं. पहिलं सुधारायला एक मिनिट लागतं. दुसरं-तिसरं पाहून विचार करावा लागतो की वाचकाकडे खातं असलंच पाहिजे असं आपण का धरून चाललो. आणि त्याच खिडकीत उत्तरांच्या शीटचा दुवाही उघडून बघावा. तो उघडला, नावं आणि फोन नंबर दिसले, तर शेअरिंगमधलं ‘दुवा असलेला कोणीही’ ताबडतोब काढावं.

दुव्यांचंही तसंच. तालिकेत किंवा लेखसंग्रहात शोधून आपण पत्त्याच्या पट्टीतून दुवा उचलतो, तो त्या वेळच्या आपल्या भेटीपुरता असू शकतो. संध्याकाळी तोच दुवा ‘सत्र संपले’ म्हणतो. पानावर परमालिंक किंवा शेअर असं बटण असतं, दुवा तिथून घ्यावा. लेखाला डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक असेल, १० ने सुरू होणारा, तर डीओआय डॉट ऑर्ग आणि तिरकी रेघ यांच्यानंतर तो लावून तयार होणारा दुवा पानावर द्यावा. प्रकाशकाने लेख हलवला आणि नोंद ताजी ठेवली की तो नव्या जागी नेतो. जुन्या कपाटावर ‘पुस्तके आता पहिल्या मजल्यावर’ अशी चिठ्ठी लावतो तेच हे. आपल्या दुवेयादीतली महत्त्वाची पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सेव्ह पेज नाऊ वापरून साठवून ठेवावीत. ते २००१ पासून लोकांसाठी खुलं आहे, आणि मूळ पान गेलं तरी वाचकाला काहीतरी दाखवता येतं.

क्यूआर कोड कपाटाच्या टोकाला लावायची हौस सगळीकडे आहे, आणि ती चांगली आहे. फक्त फुकट ‘डायनॅमिक’ कोड घेऊ नये. त्यात आपला पत्ता नसतो, त्या सेवेचा पत्ता असतो, तिथून वाचक आपल्याकडे पाठवला जातो. सेवा बंद झाली किंवा पैसे मागू लागली की छापून चिकटवलेला प्रत्येक कोड मुका होतो. स्टॅटिक कोडमध्ये आपलाच पत्ता, शक्य तितका आखूड. पत्ता आखूड तितके चौकोन मोठे आणि वाचायला सोपे. दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान सोसणाऱ्या. हाताळला जाणारा कोड असेल तर २५ ची घ्यावी. चारही बाजूंना चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडावी, सजावटीची चौकट त्यात घुसू देऊ नये. तीस सेंटीमीटरवरून वाचायचा असेल तर कोड तीन सेंटीमीटरचा, मीटरभरावरून दहाचा. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा झोत पडला की फोन गोंधळतो. छापून, जागेवर लावून, दोन वेगळ्या फोनवर, संध्याकाळच्या उजेडात बघावं.

किल्ल्यांबद्दल कुणी बोलत नाही आणि खरी पडझड तिथे होते. ग्रंथालयाचं पान, फॉर्म, व्हिडिओ, सगळं एखाद्या उत्साही सहकाऱ्याच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असतं. त्यांची बदली होते, आणि दोन वर्षांचं काम त्यांच्या फोनमध्ये राहतं. संस्थेच्या नावाचं खातं असावं. दुहेरी पडताळणी चालू असावी, आणि तिचे बॅकअप कोड छापून कुलपात ठेवावेत. गूगल असे दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो, वापरलेला खोडायचा. आणि स्मरणपत्रं पाठवताना पत्ते बीसीसीमध्येच. सीसीमध्ये गेले तर कुणाकडे पुस्तक अडकलंय हे चाळीस जणांना कळतं. कोण काय वाचतं हे वाचकाचं आणि आपलं गुपित आहे, साधन कितीही सोयीचं असलं तरी.

शिकवणाऱ्यासाठी एकच विनंती: माऊस शिकणाऱ्याच्या हातात राहू द्यावा. ‘द्या, मी करून देतो’ म्हटलं की काम होतं आणि शिकणं तिथेच थांबतं. बोट पडद्याकडे, हात मागे. टिपणवहीत बटणाच्या जागेपेक्षा बटणावरचा शब्द लिहावा, जागा बदलते पण शब्द सहसा टिकतो. अडलं तर तीन वाक्यं लिहावीत: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ती लिहिता लिहिता पुष्कळदा उत्तर सापडतं, आणि नाही सापडलं तर ज्याला विचारायचं त्याला पुढे काही विचारावं लागत नाही.

अलीकडे वाचक एआय चॅटबॉटने दिलेली ग्रंथयादी घेऊन काउंटरवर येतात. शीर्षक अगदी शोभणारं असतं, लेखक खरा असतो, आयएसबीएनही असतो, आणि असं पुस्तकच नसतं. ही यंत्रं शब्दांमागे कोणते शब्द शोभतील ते जुळवतात, तालिका उघडून बघतीलच असं नाही. आधी तो १ आणि ३ चा हिशेब करावा. जुळला नाही तर एका मिनिटात कळतं. जुळला तरी दोन मोठ्या तालिकांमध्ये शीर्षक शोधावं, डीओआय असेल तर उघडून बघावा. वाचकाला सांगताना आवाजात दोष देणं नसावं, त्याची काही चूक नाही. त्या शीर्षकातून त्याला नेमकं काय हवं होतं ते विचारावं, त्या विषयाचा वर्गांक काढावा, आणि खुर्चीवरून उठून त्याला त्या कपाटापर्यंत घेऊन जावं.